रोजची भाकर आणि कोठारातले धान्य : संपत्तीविषयीच्या ख्रिस्ती विचाराची प्रस्तावना

ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगातली कोणतीही वस्तू अखेरच्या हिशेबात माणसाच्या मालकीची नाही. जमीन, पाऊस, बियाणे, हातातले कसब, व्यवहारात चालणारी बुद्धी, इतकेच काय, कष्ट करण्याची ताकददेखील देवाने दिलेली आहे. माणूस या साऱ्याचा कारभारी आहे. विधान साधे आहे, पण ते मान्य करताच अवघड प्रश्न समोर येतात. संपत्ती देवाने दिली असेल तर श्रीमंत माणूस देवाचा लाडका म्हणायचा का? गरिबाच्या वाट्याला काहीच का आले नाही? दुष्काळात मेलेल्यांची तरतूद कुठे गेली? देणारा देव आहे तर माणसाने कमवावे कशाला, साठवावे का, आणि साठवले तर किती? दोन हजार वर्षांत ख्रिस्ती धर्मसभांनी, संतांनी आणि पंडितांनी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली. त्यांतली जी उत्तरे टिकली, त्यांच्यात एक समज समान आहे. अमक्याला संपत्ती का मिळाली, याचे स्पष्टीकरण देवाच्या तरतुदीच्या शिकवणीत नाही. मिळालेल्या संपत्तीचे काय करायचे, हे ती शिकवण सांगते. ही समज जिथे सुटली तिथे विचार भरकटला, आणि त्याची किंमत बहुधा गरिबांनीच मोजली.

या विचाराचा पाया उत्पत्तीच्या पुस्तकातल्या निर्मितीकथेत आहे. देव सृष्टी निर्माण करतो आणि ती चांगली आहे असे ठरवतो. माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. भौतिक जग ही माया नाही, बंधन नाही आणि पापही नाही. हे ठरवताना आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला मोठा वाद घालावा लागला. दुसऱ्या शतकात मार्शियन आणि अनेक ज्ञानवादी पंथ जड सृष्टी एखाद्या हीन देवतेची निर्मिती मानत होते. मंडळीने ते मत नाकारले. त्यामुळे अन्न, वस्त्र, घर, शेत यांच्याबद्दल कृतज्ञ असणे हा ख्रिस्ती उपासनेचा भाग झाला. प्रभुभोजनाच्या वेळी वेदीवर येतात त्या भाकर आणि द्राक्षारस या शेतातल्या आणि कष्टातल्या वस्तू आहेत. संपत्तीवर ख्रिस्ती परंपरेने पुढे जी कडक टीका केली, तिचा रोख वस्तूंवर नाही. वस्तूशी माणूस कसा वागतो, हा तिचा विषय आहे.

तरतुदीची सर्वांत ठसठशीत कथा निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात येते. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी पडले आहेत आणि पोटभर अन्न मिळत होते त्या गुलामीच्या आठवणी काढत कुरकुर करतात. सकाळी दव ओसरल्यावर जमिनीवर बारीक खवल्यांसारखे काहीतरी पडलेले दिसते. हा मान्ना. तो कसा गोळा करायचा याचे नियम कथेत दिले आहेत आणि सारे मर्म त्या नियमांत आहे. माणशी एक ओमेर, म्हणजे एक ठरावीक माप, घ्यायचा. कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी. मोजून पाहिले तेव्हा जास्त घेणाऱ्याकडे उरले नाही आणि कमी घेणाऱ्याला कमी पडले नाही. उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता, आणि त्या दिवसासाठी राखलेला साठा मात्र नासला नाही.

गुलामगिरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना ही कथा एका नव्या अर्थव्यवस्थेचे पहिले धडे देते. ज्या मिसरातून ते आले तिथे फारोची कोठारे होती आणि ती बांधायला त्यांनाच राबवले होते. निर्गमाच्या आरंभी पिथोम आणि रामसेस या कोठारांच्या नगरांची नावे आली आहेत, ती सहज आलेली नाहीत. फारोच्या राज्यात अन्न सत्तेच्या हाती असते. रानात ते कुणाच्याच हाती नाही, आणि म्हणून कुणी कुणाला त्याच्या जोरावर राबवू शकत नाही. विसाव्याच्या दिवसासाठी ठेवलेले धान्य टिकते; भीतीपोटी किंवा हावेपोटी ठेवलेले नासते. साठवण वाईट असा या कथेचा अर्थ नाही. कशासाठी साठवले, असा प्रश्न ती विचारते.

कथेचा शेवट यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. लोक कनानात पोहोचतात, गिलगालला वल्हांडण साजरा करतात, त्या भूमीतले धान्य खातात, आणि दुसऱ्या दिवशी मान्ना बंद होतो. चाळीस वर्षे आभाळातून आलेले अन्न नांगर आणि विळा हाती येताच थांबते. देवाने तरतूद थांबवली असा याचा अर्थ कथाकार लावत नाही. यापुढे तीच तरतूद शेतीच्या, ऋतूंच्या आणि घामाच्या वाटेने येणार आहे. चमत्कार आणि मेहनत यांच्यात ख्रिस्ती विचार विरोध का मानत नाही, याचे मूळ इथे आहे. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. ज्याला काम करायचेच नाही त्याने खाण्याचीही अपेक्षा धरू नये, असा कडक सल्ला त्याच्या नावच्या पत्रात आहे, आणि देव सर्व गरजा पुरवतो असे सांगणाराही तोच पौल आहे.

पण शेती आली की कोठार येते, कोठाराबरोबर विस्मरण येते. अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना याच धोक्याबद्दल बजावतो. तुम्ही पोटभर खाल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे, सोने-रुपे वाढेल, आणि हे सारे माझ्याच बाहुबलाने मिळाले असे मनात म्हणाल. त्या वेळी ध्यानात ठेवा की संपत्ती मिळवण्याचे सामर्थ्यही देवानेच दिले आहे. कर्तबगारी इथे नाकारलेली नाही, तिचा उगम मात्र सांगितला आहे. कर्तबगारीचा अहंकार वाढला की गरिबाकडे पाहण्याची नजर बदलते, हे या पुस्तकाला ठाऊक आहे, म्हणून तरतुदीचे स्मरण पुढे थेट कायद्यात उतरते. शेताचा कोपरान् कोपरा कापायचा नाही. पडलेली कणसे उचलायची नाहीत. सरवा वेचण्याचा हक्क गरीब, परदेशी, अनाथ आणि विधवा यांचा. बवाजाच्या शेतात मवाबी विधवा रूथ सरवा वेचते ती याच हक्काने. दर सातव्या वर्षी कर्ज माफ करायचे आणि जमीन पडीक ठेवायची. दर पन्नासाव्या, योबेल वर्षी विकलेली वतने मूळ कुटुंबांना परत करायची, कारण जमीन देवाची आहे आणि शेतकरी तिथे त्याचा पाहुणा व कूळ आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दोन वाक्ये फार जवळजवळ येतात. तुमच्यात कुणी गरीब राहू नये, असे एकात म्हटले आहे. देशातून गरीब कधी नाहीसे होणार नाहीत, असे दुसऱ्यात. दोन्ही खरी मानली की हात उघडा ठेवण्याची आज्ञा टळत नाही.

जुन्या करारात आणखी एक सूर आहे आणि तो लपवून चालत नाही. आज्ञा पाळणाऱ्याच्या शेतात पीक येईल, कणग्या भरतील, नवा द्राक्षारस ओसंडेल, अशी आश्वासने अनुवादात आणि नीतिसूत्रांत वारंवार आहेत. अब्राहाम, इसहाक, शलमोन हे श्रीमंत आहेत आणि त्यांची श्रीमंती आशीर्वाद म्हणून सांगितली जाते. त्यावरून धनाढ्य तो धार्मिक आणि दरिद्री तो पापी असा निष्कर्ष काढणारे लोक बायबलच्या काळातही होते. त्यांना सर्वांत मोठे उत्तर ईयोबाचे पुस्तक देते. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या असलेला हा माणूस निर्दोष असूनही एका दिवसात सारे गमावतो. त्याचे मित्र त्याला अध्यायामागून अध्याय पटवत राहतात की त्याने नक्की काहीतरी पाप केले असणार. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांना खोटे ठरवतो. ईयोबाला सारे दुप्पट परत मिळते हे लोकांच्या लक्षात राहते. मित्रांचे धर्मशास्त्र चुकीचे होते हा पुस्तकाचा निकाल मात्र अनेकदा विसरला जातो. आमोस संदेष्टा तर श्रीमंतीच्या मुळाशीच जातो: जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणाऱ्यांच्या हस्तिदंती घरांना तो आशीर्वाद म्हणत नाही, लूट म्हणतो. म्हणजे हाती आलेले सर्वच धन देवाच्या हातून आले असे गृहीत धरता येत नाही. काही धन दुसऱ्याच्या ताटातून ओढून घेतलेले असते. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा शहाणा देवाकडे दारिद्र्यही मागत नाही आणि ऐश्वर्यही मागत नाही. पोट भरले तर देवाला विसरेन आणि उपाशी राहिलो तर चोरी करीन, ही भीती तो कबूल करतो. गरजेपुरते मागण्याइतकी अक्कल प्रार्थनेत असावी, हा धडा या छोट्या उताऱ्याइतका स्वच्छ फार थोड्या ठिकाणी सापडतो.

येशूच्या शिकवणीत ही सारी सूत्रे एकत्र येतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो आभाळातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. ती पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, कातत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना जगवतो आणि सजवतो. या उताऱ्याच्या अगदी आधी देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही असा इशारा आहे, आणि दोन्ही एकत्र वाचायला हवेत. चिंता आणि हाव या एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत. दोन्हींत माणूस उद्याची हमी वस्तूंकडून मागतो. ज्या लोकांपुढे हे शब्द उच्चारले गेले त्यांतले बरेच गालीलातले शेतमजूर, कोळी आणि कुळे होती. कर आणि कर्ज यांच्या ओझ्याखालच्या माणसांना काळजी करू नका असे सांगणे ही फक्त दिलाशाची बात ठरली असती, जर त्याच येशूने त्याच प्रवचनात रोजच्या भाकरीची प्रार्थना शिकवली नसती. त्या प्रार्थनेत कुणी फक्त आपल्यासाठी भाकर मागत नाही. सगळे मिळून सगळ्यांची मागतात. ती मनापासून म्हणणाऱ्याच्या घरात दोन दिवसांची भाकर असेल आणि शेजारच्या घरात एकाही दिवसाची नसेल, तर त्या प्रार्थनेचे उत्तर त्याच्याच घरात येऊन पडले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात हा विषय पुन्हा पुन्हा येतो. पीक अमाप आले म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधणारा शेतकरी तिथे आहे. त्याने कुणाला लुबाडल्याचे कथेत म्हटलेले नाही. पाऊस चांगला झाला, जमीन पिकली, म्हणजे ही तर देवाचीच तरतूद. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो, कारण त्याच्या साऱ्या स्वगतात 'मी' आणि 'माझे' याखेरीज कुणीच नाही. दारात पडलेल्या लाजराला न पाहणारा धनवान तिथे आहे. आणि जक्कय आहे. जकातदारांचा हा मुखिया अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करतो, तेव्हा त्याच्या घराला तारण प्राप्त झाले असे येशू म्हणतो. शेजारच्याच अध्यायातल्या एका श्रीमंत अधिकाऱ्याला त्याने सर्व काही विकायला सांगितले होते. जक्कयाच्या बाबतीत अर्ध्यावर भागले. बेथानीची मार्था आपल्या घरात त्याचे आतिथ्य करते; मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आपल्या पैशाने येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवतात. सर्वांना लागू पडेल असे प्रमाण येशू ठरवून देत नाही. धन कुणाला किती घट्ट धरून आहे ते पाहून तो प्रत्येकाशी बोलतो.

पहिल्या शतकातल्या यरुशलेमच्या मंडळीत जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारे लोक होते. बर्णबा त्यांतला एक. ही सक्ती नव्हती, हे हनन्या आणि सप्पीरा यांच्या कथेतच पेत्राच्या तोंडून स्पष्ट होते. त्यांचा अपराध पैसे राखून ठेवण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता. पुढे यरुशलेमच्या दरिद्री ख्रिस्ती लोकांसाठी पौलाने मासेदोनिया आणि अखया प्रांतांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय या वर्गणीबद्दल आहेत आणि तरतुदीच्या विचाराचा कळस तिथे दिसतो. पौल त्यात मान्न्याचा दाखला देतो. रानात देवाने स्वतः साधलेली समता आता मंडळीने आपल्या हातांनी साधायची आहे: तुमची विपुलता आज त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची विपुलता तुमची. देवाची तरतूद पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या गाठोड्यात बांधून पाठवली जाते, आणि ते गाठोडे सोडायचे की नाही हे त्या माणसाच्या हाती असते.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत लोक येऊ लागले तेव्हा प्रश्न नव्याने उभा राहिला. इसवी सन २०० च्या सुमारास आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, कोणत्या श्रीमंताचे तारण होईल या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रवचनवजा ग्रंथ लिहिला. सर्वांनीच सर्व टाकून दिले तर भुकेल्याला जेवू कोण घालणार, हा त्याचा युक्तिवाद होता. सोडायची ती आसक्ती. हा तर्क बरोबर आहे, पण सोयीचाही आहे, आणि पुढच्या प्रत्येक शतकात श्रीमंतांनी त्याचा आडोसा घेतला. मिसरमधल्या अँथनीने दुसरी वाट धरली. सर्व काही विकायला सांगितलेल्या श्रीमंत तरुणाची कथा उपासनेत ऐकून त्याने वडिलार्जित जमीन देऊन टाकली आणि तो रानात गेला. मठवासी परंपरेच्या आरंभी हे नाव येते.

चौथ्या शतकातल्या कप्पदुकियात या वादाला दुष्काळाची धार आली. ३६९ च्या सुमारास तिथे पाऊस पडला नाही, आणि व्यापारी भाव वाढण्याची वाट पाहत धान्य दाबून बसले. कैसरियाच्या बेसिलने व्यासपीठावरून मोठी कोठारे बांधणाऱ्या त्या शेतकऱ्याची कथा घेतली आणि समोर बसलेल्या धान्यवाल्यांवर ती उलटवली. घरात दडवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत पडून असलेले कपडे उघड्याचे आहेत. ते न देणारा कंजूष नाही, चोर आहे, असा त्याचा रोख होता. मग त्याने कोठारे उघडवली, लोकांना जेवू घातले, आणि पुढे शहराबाहेर दरिद्री, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली. अंत्युखियात काही वर्षांनी योहान क्रिसोस्तोमने लाजराच्या कथेवर प्रवचने दिली तीही याच चालीची. या दोघांची भाषा आजही ऐकणाऱ्याला टोचते, आणि टोचायलाच हवी.

मध्ययुगाबद्दल इथे थोडक्यातच सांगता येईल. फ्रान्सिस ऑफ असिसीने कापड व्यापाऱ्याच्या घरातले वैभव सोडून दारिद्र्याला आपली सखी मानले. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात खासगी मालकीची बाजू मांडली, पण तिची हद्दही आखली. वस्तू मिळवण्यात आणि सांभाळण्यात खासगी मालकी चालेल, कारण आपले म्हटले की माणूस नीट सांभाळतो. वापर करताना मात्र ती सर्वांची समजावी. प्राण जाण्याइतकी निकड असलेल्याने दुसऱ्याच्या वस्तूतून गरजेपुरते घेतले तर ती चोरी होत नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. १८९१ च्या पोप लिओ तेराव्याच्या परिपत्रकापासून कॅथलिक समाजविचारात मजुरांच्या न्याय्य वेतनाचा आग्रह आला, तो याच पायावर उभा आहे.

धर्मसुधारणेने तरतुदीचा विचार रोजच्या धंद्यात आणला. मार्टिन लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत रोजच्या भाकरीचा अर्थ उलगडताना अन्नवस्त्राबरोबर घर, शेत, गुरे, चांगला जोडीदार, चांगले सरकार, चांगली हवा, आरोग्य आणि विश्वासू शेजारी इतके सारे मोजले. चांभार चपला शिवतो तेव्हा देवच त्याच्या हातांनी शेजाऱ्याची गरज भागवत असतो, ही त्याची दृष्टी होती. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने पाऊस आणि अवर्षण, सुपीक आणि नापीक वर्षे, श्रीमंती आणि गरिबी हे सारे पित्याच्या हातून येते असे शिकवले. त्याच प्रश्नोत्तरीत चोरी करू नको या आज्ञेचे विवेचन करताना, गरजूंना मदत करता यावी म्हणून मनापासून काम करावे असेही सांगितले आहे. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये असा सिद्धांत मांडला की, कॅल्व्हिनच्या परंपरेतली शिस्त आणि काटकसर आधुनिक भांडवलशाहीला पोषक ठरली. सिद्धांतावर वाद चालू आहेत, पण त्याने दाखवलेला धोका खरा आहे: यशाला निवडलेपणाची खूण मानण्याचा मोह. जॉन वेस्लीने तो मोह ओळखला होता. त्याचे मेथडिस्ट अनुयायी कष्टाळू आणि काटकसरी होऊन श्रीमंत होत होते आणि श्रीमंत होताना त्यांचा उत्साह मावळत होता. १७६० मध्ये छापलेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात त्याने कमवा, वाचवा आणि द्या असा तीन पायऱ्यांचा नियम सांगितला. तिसरी पायरी चुकली की पहिल्या दोन नरकाकडे नेतात असे तो मानत असे. दुसऱ्या एका प्रवचनात त्याने ऑक्सफर्डच्या एका तरुणाचे उदाहरण दिले, तो तरुण बहुधा वेस्ली स्वतःच. वर्षाची प्राप्ती ३० पौंड असताना तो २८ पौंडांत राहिला आणि २ दिले. ६० झाली तेव्हाही २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. ९० झाली, १२० झाली, तरी राहणीचा खर्च तोच. वाढलेली प्राप्ती ही वाढलेल्या गरजांची परवानगी नाही, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकात तरतुदीवरच्या विश्वासाचा एक वेगळा प्रयोग इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला झाला. प्रशियात जन्मलेल्या जॉर्ज म्युलरने १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवर अनाथ मुलींसाठी घर उघडले. नियम असा की कुणाकडेही पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही. गरज फक्त प्रार्थनेत सांगायची. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि १८९८ मध्ये म्युलर वारला तोवर दहा हजारांच्या आसपास मुले या घरांतून गेली होती. म्युलर पैपैचा हिशेब ठेवत असे आणि वार्षिक अहवाल छापत असे. अहवाल हीदेखील एक प्रकारची विनंतीच झाली, असे टीकाकार म्हणाले, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. पण त्या अहवालांमुळेच दानाचा प्रत्येक पेनी कुठे गेला हे कुणालाही तपासता येत होते. विश्वास आणि चोख हिशेब एकाच टेबलावर बसू शकतात, हे म्युलरने दाखवले.

या प्रयोगाचा धागा थेट पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पोहोचतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा त्यामागे दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिलेली अमेरिकेतली संघटना होती. म्युलरचे, चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरच्या मिशनचे आणि जॉन पेटनचे चरित्र वाचून, भारतात असे विश्वासावर चालणारे काम का नसावे, हा प्रश्न त्यांना पडला. आई-वडील आणि बहीण यांना त्यांनी १८७० च्या दशकातल्या उपासमारीत गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या. काही वर्षांतच केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास माणसे जेवू लागली. त्यांच्या प्रार्थनेच्या जोडीला केडगावात विहिरी, शेती, माग, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. ज्या मुलींना समाजाने ओझे मानले त्यांच्या हातात कसब देणे हाच तिथे तरतुदीचा अर्थ होता. याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल छापले.

दुष्काळात मेलेल्यांच्या वाट्याला तरतूद का आली नाही, हा प्रश्न केडगावच्या पार्श्वभूमीवर सर्वांत तीव्रतेने उभा राहतो. ख्रिस्ती परंपरेत त्याला पूर्ण समाधान देणारे उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणाऱ्याने ईयोबाच्या मित्रांची गत आठवावी. परंपरा एवढे मात्र सांगते की उपाशी माणसाला पाहून देवाच्या गूढ हेतूंची चर्चा करत बसणे हे पाप आहे. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाईंनी दुष्काळाचे धर्मशास्त्र लिहिले नाही. त्या बैलगाडी आणि रेल्वेने दुष्काळी भागात गेल्या.

मराठी ख्रिस्ती जीवनात या श्रद्धेची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक पैशाबाबत कमालीचे बेफिकीर होते. हाती आले ते देऊन टाकायचे, उद्याची फिकीर देवावर. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देवाचा दरबार ही कल्पना घेऊन ते निघाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त या औदार्याचे वर्णन प्रेमाने येते, पण ते चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नजरेने येते. रिकाम्या डब्याची चिंता कुणीतरी करतच होते. देवावर हवाला ठेवण्याचा भार घरातल्या दुसऱ्या माणसावर, बहुधा बाईवर पडतो, हे तरतुदीवरच्या पुष्कळ ग्रंथांना सुचलेले नाही. ते या एका मराठी आत्मचरित्राने दाखवले.

विसाव्या शतकात अमेरिकेत या विचाराचे एक विपरीत रूप फोफावले. ई. डब्ल्यू. केनियन, ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन यांच्या शिकवणीतून वाढलेली समृद्धीची सुवार्ता म्हणते की देवाला आपल्या लेकरांची श्रीमंती आणि आरोग्य हवेच आहे. विश्वासाने बोला, दानाचे बी पेरा, अनेक पटींनी परत मिळेल. दूरदर्शनवरून ती आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि भारतातल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली. गरीब माणसाला तिचे आकर्षण का वाटते हे समजण्यासारखे आहे. देवाला तुझ्या पोटाची पर्वा आहे, असे तिने त्याला सांगितले, आणि अनेक जुन्या मंडळ्या हे सांगायला विसरल्या होत्या. पण तिने दानाचा सौदा केला. पैसे परत आले नाहीत तर दोष देणाऱ्याच्या विश्वासावर येतो, म्हणजे आजारी विधवेने आपली शिल्लक द्यावी आणि वर अपराधीही ठरावे. मलाखीतला दशमांशाचा उतारा या उपदेशकांच्या हाती सतत असतो. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी गावातच पोटभर खावा, ही अनुवादातली आज्ञा त्यांच्या हाती क्वचितच दिसते. २०१० मध्ये केपटाउनला भरलेल्या जागतिक सुवार्तिक परिषदेने आपल्या निवेदनात ही शिकवण नाकारली. ते योग्यच झाले.

तरतुदीची खरी भाषा शोधायची तर सामान्य मंडळ्यांच्या रिवाजांकडे पाहावे. गोव्यातल्या राय गावात ऑगस्टच्या आरंभी भाताची पहिली कणसे वेदीवर आणून आशीर्वादित केली जातात. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक आगेराचा सण पिकाच्या कृतज्ञतेसाठी साजरा करतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या सणाला ज्वारी-बाजरीची कणसे, भाज्या, अंडी, कोंबड्या देवळात येतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. मिझोराममध्ये शंभराहून अधिक वर्षे घरोघरी भात रांधण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला ठेवला जातो. अशा मुठींतून तिथल्या मंडळीने उपदेशक, शाळा आणि दवाखाने चालवले. जिच्या घरात आज फक्त दोन मुठी आहेत तीही त्यातली थोडी ठेवते. शुभवर्तमानातल्या दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची ही थेट वारस. पण त्या विधवेची गोष्ट सांगण्याआधी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलला होता, हे दान घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे.

या विषयात पुढे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाने निर्गमाचा सोळावा, अनुवादाचा आठवा आणि पंधरावा, मत्तयाचा सहावा आणि दुसऱ्या करिंथकरांसच्या पत्राचा आठवा व नववा अध्याय एकापाठोपाठ, एका बैठकीत वाचावेत. त्यांतला एखादाच वेगळा काढून त्यावर संपत्तीचे धर्मशास्त्र उभे करणाऱ्यावर, तो व्यासपीठावर असो वा पडद्यावर, भरवसा ठेवू नये.